कमी झोप पुरणाऱ्या बाळाची दुपार आणि रात्र कशी बसवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नऊ महिन्यांची. दिवसरात्र मिळून जेमतेम सव्वाअकरा तास झोपते. रात्री आठला खोलीत नेलं तरी नऊशिवाय डोळा लागत नाही, दीड वाजता टक्क जागी होते आणि साडेतीनपर्यंत खेळत बसते. मोबाइलवरच्या तक्त्यांत या वयाला चौदा तास लिहिलेले. सासूबाई म्हणतात, अंगावरचं दूध पुरत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, नजर लागलीय. पुढच्या महिन्यात आईची नोकरी सुरू होणार आणि बाळ पाळणाघरात जाणार. आईनं विचारलंय, हिची झोप वाढवायची कशी?

तुम्ही आठवडाभराच्या वेळा लिहून पाठवल्यात, हे फार चांगलं केलंत. आधी त्यांचीच बेरीज करू. रात्री नऊ ते दीड साडेचार तास, साडेतीन ते सात आणखी साडेतीन. रात्रीचे झाले आठ. सकाळी मालिश-आंघोळ उरकल्यावर दहा ते बारा दोन तास, दुपारी तीनला पाऊण तास, संध्याकाळी सहाला अर्धा तास. दिवसाचे सव्वातीन. एकूण सव्वाअकरा. आता तिच्या झोपेसाठी तुम्ही किती वेळ राखून ठेवलाय ते बघा. रात्री आठ ते सकाळी सात हे अकरा तास आणि दिवसाचे सव्वातीन, म्हणजे सव्वाचौदा. दोन्हींत तीन तासांचा फरक. झोपवतानाची एक तासाची रडारड आणि मध्यरात्रीचा दोन तासांचा खेळ मिळून किती होतात? तेच तीन तास.

म्हणजे या तीन तासांच्या झोपेची तिला गरजच नाही आणि आपण ती तिच्याकडून मागतोय. ती नसलेली झोप मग रात्रीच्या मधोमध उघडी पडते. पांघरूण आखूड असलं की डोक्यावर ओढलं तर पाय उघडे राहतात, तसंच हे. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर असं आहे: तिची झोप फारशी वाढणार नाही, वाढवायच्या मागे लागूही नका. आहे ती झोप चोवीस तासांत कुठे पडावी, एवढं मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. ते नीट जमलं तर दोन-तीन आठवड्यांत तुमच्या घराची रात्र सावरेल.

चौदा तासांचा आकडा खोटा नाही, पण तो सरासरी आहे. झुरिकमध्ये मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून झोपेचा जो अभ्यास झाला (तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला), त्यात सहा महिन्यांच्या बाळांची सरासरी १४.२ तास निघाली. पण त्याच वयाच्या निरोगी मुलांचा पल्ला होता साधारण १०.४ तासांपासून १८.१ तासांपर्यंत. एकाच वयाच्या दोन धडधाकट बाळांत साडेसात तासांहून जास्त अंतर! जागतिक आरोग्य संघटना ४ ते ११ महिन्यांसाठी १२ ते १६ तास सांगते. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशननं २०१५ मध्ये याच वयाला १२ ते १५ तास सुचवले आणि १० ते ११ तासही काही बाळांना पुरू शकतात असं सोबत नोंदवलं. तक्ता फिरत फिरत आपल्या मोबाइलवर येतो तेव्हा ही दुसरी ओळ गळून गेलेली असते. २०१० मध्ये अनेक देशांतल्या तीन वर्षांपर्यंतच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात भारतही होता. न्यूझीलंडमध्ये मुलं सरासरी १३.३ तास झोपत होती आणि जपानमध्ये ११.६. झोपायची सरासरी वेळ न्यूझीलंडमध्ये संध्याकाळी साडेसातच्या आसपास, तर हाँगकाँगमध्ये रात्री सव्वादहा. "बाळ सात वाजता झोपलंच पाहिजे" हा नियम ज्या घरांत तयार झाला, त्या घरांत बाबा साडेपाचला घरी येतात. आपल्याकडे लोकलमधून उतरून ते नऊला दारात उभे असतात. साडेनऊला झोपणारं बाळ बिघडलेलं नसतं.

आता जरा थांबून एक गोष्ट तपासायची. तुमची लेक खरंच कमी झोपेची आहे, की तिला झोप हवीय पण मिळत नाहीये? दोन्हींत आकडा सारखाच दिसतो आणि उपाय मात्र उलटे असतात. तिला उठल्यानंतर दहा मिनिटं न्याहाळा. खरोखर कमी झोपेचं बाळ उठतं ते हुंकार देत, पायाचा अंगठा धरून, पंख्याकडे बघत. अर्धा-पाऊण तास झोपूनही चेहरा ताजा असतो. दिवसभर रांगतं, धरून उभं राहतं, पाहुण्यांकडे बघून हसतं, आणि झोपेच्या वेळेच्या आधीच्या तासाभरातच तेवढं कुरकुरतं. अपुऱ्या झोपेचं बाळ उठतं तेच रडत. डोळे चोळतं, कान ओढतं, स्कूटर सुरू होताच किंवा मांडीवर घेताच पाच मिनिटांत गळून जातं आणि संधी मिळेल तिथे, आजोळी गेलं की, बारा-साडेबारा तास झोपून घेतं. तुमच्या नोंदीत सातही दिवस बेरीज अकरा आणि साडेअकराच्या मध्येच फिरतेय आणि ती हसत उठते असं तुम्हीच लिहिलंय. वजन वाढीच्या तक्त्यावर तिच्याच रेषेवर चाललंय, बसणं-रांगणं वेळेवर आहे. माझं मत पहिल्या बाजूला झुकतं. तरी नोंद आणखी एक आठवडा चालू ठेवा. आजारपणाचे, लसीचे आणि प्रवासाचे दिवस त्यात धरू नका.

काही गोष्टी मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय "हिची झोपच कमी" असं म्हणून सोडून द्यायच्या नाहीत. रोज घोरणं, तोंड उघडं टाकून झोपणं, झोपेत श्वास अडकल्यासारखा होणं. खाज, कोरडी त्वचा, रात्रभर अंग घासणं. वजन थांबणं. येत असलेली गोष्ट बाळ विसरू लागणं. झोपेतून उठताना अंग किंवा मान एकदम आखडून वाकण्याचे झटके एकापाठोपाठ येणं. असे झटके दिसले तर मोबाइलवर चित्रण करा आणि त्याच दिवशी दाखवा, उद्यावर टाकू नका. चोवीस तासांतली झोप दहापेक्षाही कमी भरत असेल तरी एकदा तपासणी हवी.

आणि लोह. हा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढते, कारण आपल्याकडे तो फार घरांना लागू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. सहा महिन्यांनंतर फक्त आईच्या दुधातलं लोह पुरत नाही आणि आपला पहिला आहार असतो वरणाचं पाणी, भाताची पेज, बिस्किट. लोह कमी असलेलं बाळ रात्रभर चुळबुळ करतं, पाय झाडतं, गादीच्या या टोकाहून त्या टोकाला फिरतं. तुमच्या लेकीचं तसं होत असेल तर रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो). सरकारी कार्यक्रमात या वयाला लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिलि देतात, आशाताईंकडे चौकशी करा. घट्ट वरण, नाचणी, डाळी, पालेभाजी आणि वर लिंबाचे दोन थेंब, अंडं-मासे चालत असतील तर तेही सुरू करा.

सासूबाईंच्या शंकेचं उत्तर वजनाचा काटाच देईल. दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओला होतोय, वजन रेषेवर आहे, म्हणजे दूध पुरतंय. त्यांची काळजी खोटी नाही, फक्त तिचं कारण इथे लागू नाही. दृष्ट काढून घरच्यांना बरं वाटत असेल तर जरूर काढा. पण मिरच्या-मोहरीचा धूर बाळाच्या खोलीत नको आणि आंघोळीनंतरची धुरीही नको. तो धूर बाळाच्या छातीला बाधतो.

आता मूळ काम. बाळाची झोप दोन गोष्टींवर चालते. जागं राहू तसतसा झोपेचा दाब साठत जातो आणि झोपलं की तो उतरतो. दुसरं असतं शरीरातलं घड्याळ, ते उजेड-अंधारावर लागतं. अलेक्झांडर बोर्बेली या स्विस संशोधकानं १९८२ मध्ये हे मांडलं आणि झोपेचा विचार आजही याच पायावर होतो. तुमच्या घरात काय होतंय ते यातून नीट कळतं. संध्याकाळी सहाच्या डुलकीनं दाब उतरतो. आठला तुम्ही अंधार करता, तेव्हा दाब पुरेसा साठलेला नसतो. त्यातून झोपेच्या खऱ्या वेळेआधीच्या तास-दोन तासांत घड्याळ शरीराला जास्तच जागं ठेवतं. आठ वाजता ती एकदम उड्या मारायला लागते ती त्यामुळे. पुढे नऊला झोपली की पहिल्या साडेचार तासांच्या गाढ झोपेत बराचसा दाब संपतो. दीड वाजता उठते ती भुकेनं किंवा भीतीनं नव्हे. पुन्हा झोपायला लागेल इतका दाब तेव्हा तिच्याजवळ नसतो.

सुरुवात सकाळपासून करायची, रात्रीपासून नाही. उठायची वेळ पक्की करा. तुम्हाला नोकरीवर जायचंय, तर साडेसहा धरू. रात्र कशीही गेली, अगदी दोन तास जागली तरी, साडेसहाला पडदे उघडायचे. पहिल्या अर्ध्या तासात तिला गॅलरीत, गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात न्यायचं. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की घड्याळ जागेवर बसतं. रात्री जागली म्हणून आठपर्यंत झोपू दिलं, तर पुढची रात्रही तशीच जाते. या सगळ्यात हे पाळणं सर्वांत जड जातं, कारण तेव्हा तुमचीही झोप झालेली नसते. पण बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

मग सकाळची मोठी झोप. आपल्याकडे मालिशवाल्या मावशी नऊला येतात, तेल, गरम पाणी, पोटभर दूध, आणि बाळ दोन-तीन तास निपचित. सगळ्या घराला ती वेळ सोन्यासारखी वाटते, स्वयंपाक उरकतो. जास्त झोपेच्या बाळाला हे परवडतं. तुमच्या लेकीच्या सव्वाअकरा तासांतले दोन तास तिथेच गेले तर रात्रीला उरणार काय? एका तासावर तिला उठवा. झोपलेल्या बाळाला उठवू नये असं घरात ऐकून घ्यावं लागेल. त्यावर सासूबाईंना असं सांगा: ही एक तासाची झोप आपण तिच्याकडून काढून घेत नाही, दीड वाजताच्या खिंडारात नेऊन भरतोय. आठवडाभर करून बघू, तुम्हीच रात्री किती वेळा उठावं लागतं ते मोजा. मोजायला आजीलाच बसवलं की विरोध मावळतो असा माझा अनुभव आहे. उठवताना हलवायचं नाही. खोलीचं दार उघडा, पडदा सारा, नेहमीच्या आवाजात बोला, लंगोट बदला. पाच-सात मिनिटांत उठते. थोडी रडली तर कडेवर घेऊन खिडकीशी उभं राहा. मावशींची वेळ बदलता येत असेल तर आंघोळ सकाळी साडेसातला ठेवा, म्हणजे तिला झोप लागायच्या आधी अडीच तास जातील आणि ती मोठी झोप आपोआप आखडेल.

दुसरी डुलकी दुपारी तीनला, तीही तासभर. तिसरी, म्हणजे संध्याकाळी सहाची, बंद. रात्री सव्वानऊला झोप. हिशेब करून बघा. रात्रीचे सव्वानऊ तास आणि दिवसाचे दोन, एकूण तेच सव्वाअकरा. साडेसहाला उठून दहाला पहिली डुलकी म्हणजे साडेतीन तास जागी. अकरा ते तीन चार तास. दुपारी चार ते रात्री सव्वानऊ सव्वापाच तास. हा शेवटचा पल्ला पाहून तुम्ही घाबराल, कारण तक्त्यात या वयाला तीन-साडेतीन तासांवर जागं ठेवू नका असं असतं. तो नियम चौदा तास झोपणाऱ्या बाळाचा. जे बाळ दिवसाला पावणेतेरा तास जागंच असतं, त्याचे जागेपणाचे तुकडे लांबच असणार. तरी पहिले काही दिवस साडेसहाच्या सुमारास ती अगदीच कोलमडली तर दहा-पंधरा मिनिटं झोपू द्या, घड्याळ लावून. चार-पाच दिवसांत त्याचीही गरज उरत नाही. संध्याकाळी टीव्हीसमोर बसवून वेळ काढू नका. गच्चीवर वारा, अंगणातली कुत्री-कबुतरं, पाण्याच्या टबात दोन वाट्या, आजोबांच्या कडेवर कोपऱ्यापर्यंत चक्कर, हे तिला पुरतं. आठनंतर मोठे दिवे बंद करा. एक लहान पिवळा दिवा, अंग पुसणं, दूध, तेच ते गाणं.

सव्वानऊला नेलं आणि तरी पाऊण तास लागतोय? मग चार-पाच दिवस वेळ दहाला न्या. वीस मिनिटांच्या आत झोप लागू लागली की पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. अलीकडे आणताना ज्या वेळेला मध्यरात्रीचा खेळ परत सुरू होतो, त्याच्या पंधरा मिनिटं नंतरची वेळ ती तिची वेळ. या पद्धतीत बाळाला एकटं रडत टाकावं लागत नाही, म्हणून मला ती आपल्या घरांसाठी बरी वाटते. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात ६ ते १६ महिन्यांच्या ४३ बाळांवर झालेल्या चाचणीत झोपायची वेळ अशी मागे-पुढे करूनही झोप लवकर लागू लागल्याचं दिसलं आणि बाळांवर ताण आल्याची खूण आढळली नाही.

दीड वाजता ती उठेलच, निदान पहिला आठवडा तरी. दिवा लावू नका, मोबाइलचाही नाही. भूक असेल तर पाजा. नऊ महिन्यांच्या बाळानं रात्री एक-दोनदा दूध मागणं यात काही वावगं नाही. पोट भरूनही टक्क जागी असेल तर तिच्याशी भांडून झोपवू नका, मांडीवर थोपटत तासभर खोलीत फेऱ्या मारू नका. अंधारात शेजारी पडून राहा, अंगावर हात ठेवा, बोलणं कमीत कमी. खेळणी, बाहेरची खोली, बाबांना उठवून गप्पा हे काहीही नको. एरवी तिनं मध्ये एक-दोनदा चाळवणं हा बिघाड नाही. या वयात झोपेचं एक चक्र तासाभराच्या आतबाहेर संपतं आणि प्रत्येक चक्राच्या शेवटी बाळ जरासं वर येतं. कॅनडातल्या २०१८ च्या एका अभ्यासात वर्षाच्या बाळांपैकी २८ टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती, आणि त्यांच्या वाढीत किंवा आईच्या मनःस्थितीत त्यामुळे फरक दिसला नाही. चाळवून पुन्हा झोपणारं बाळ आणि दोन तास खेळणारं बाळ यांतला फरक ओळखा. आपण दुसरीच गोष्ट दुरुस्त करतोय.

दोन आठवडे याला द्याच. पहिल्या तीन-चार दिवसांत संध्याकाळी जास्त चिडचिड होईल आणि दीडची जाग तशीच राहील. तेव्हा बरेच जण सोडून देतात. पुढे जागेपणा दोन तासांवरून एक, मग वीस मिनिटं असा उतरतो. दोन आठवड्यांनंतर ती दिवसभर मरगळलेली दिसली, डुलकी संपताना उठवणंच अवघड जाऊ लागलं, तर आपण जास्त कापलं असं समजा आणि अर्धा तास दिवसाच्या झोपेत परत द्या. ताप, जुलाब, लस यांच्या दिवसांत हे सगळं बाजूला ठेवा आणि हवं तेवढं झोपू द्या.

या काळात कुणीतरी तुम्हाला झोपेचं काहीतरी "हलकं" औषध सुचवेलच. नको. सर्दी-खोकल्याची गुंगी आणणारी सिरपं झोपेसाठी द्यायची नाहीत. सर्दीच्या सिरपांत असणारं क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा लेबलवर छापायला भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सांगितलं. गुटीत जायफळाचे वेढे वाढवणं, कपाळावर किंवा दुधात ब्रँडीचा थेंब हेही नको. जायफळ जास्त झालं तर विषारी ठरतं आणि नऊ किलोच्या जिवाला "जास्त" व्हायला फार लागत नाही. एके काळी मुंबईत कामावर जाणाऱ्या बाया मुलांना अफूची बाळगोळी देऊन जात, तशी एखादी गोळी आजही कुणी आणून दिली तर ती घरात ठेवूसुद्धा नका. अफूनं बाळाचा श्वास थांबतो.

झोपायच्या जागेबद्दलही सांगायलाच हवं, कारण थकलेली आई कुठेही झोपून जाते. बाळ पाठीवर, कडक सपाट गादीवर. मोहरीची उशी, लोड, गोधडीची घडी, मऊ खेळणी काहीही जवळ नको. बाळाला घेऊन सोफ्यावर पाजत असताना पेंग येत असेल तर उठून गादीवर या, सोफा आणि खुर्ची सर्वांत धोक्याची. घरात कुणी सिगारेट-तंबाखू ओढत असेल किंवा दारू घेतलेली असेल, तर त्या माणसानं बाळाच्या शेजारी झोपायचं नाही. तुमची लेक आता धरून उभी राहते, तेव्हा पाळणा आणि झोळी रात्रीसाठी बंद करा. पडण्याचा आणि मानेला कापड आवळण्याचा धोका आता खरा आहे.

आणि तुमचं काय? तुमच्या पत्रात बाळाचे सगळे तास आहेत, तुमचा एकही नाही. जे बाळ पावणेतेरा तास जागं असतं, ते एका माणसाच्यानं सांभाळलं जाणारं बाळ नव्हे. शेजारणीचं बाळ दिवसा चार तास झोपतं, तेवढ्यात तिचं जेवण, अंघोळ, पाठ टेकणं होतं. तुम्हाला ती चार तासांची सुटी मिळत नाही. यात तुमचं काही चुकत नाही, आणि घरच्यांनीही हे समजून घ्यायला हवं. संध्याकाळी सात ते साडेआठ बाळ तुमच्याकडे नसेल, असं आजपासून ठरवा. आजी, आजोबा आणि लवकर आले तर बाबा यांच्यात वाटून घ्या. पहिले दोन आठवडे रात्रीची पहिली पाळी बाबांची. पाजायची वेळ सोडता दीडपर्यंत तेच उठतील आणि तुम्ही सव्वानऊला बाळाबरोबरच पाठ टेका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास वाटत असेल, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नसेल, रडू आवरत नसेल, "मी नसते तर बरं झालं असतं" असे विचार येत असतील, तर तो थकवा नव्हे. तुमच्या डॉक्टरांना सांगा किंवा टेलिमानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा. दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलतात.

इतर वयांबद्दल थोडक्यात, कारण पुढे लागेल. चार महिन्यांच्या आतल्या बाळावर यातलं काहीही करायचं नाही. त्याचं घड्याळच अजून नीट लागलेलं नसतं, ते मागेल तेव्हा दूध आणि झोपेल तेव्हा झोप. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय ठरलेल्या तारखेपासून मोजा. कमी झोपेची मुलं दोन डुलक्यांवरून एकीवर इतरांपेक्षा लवकर येतात, दीड वर्षाऐवजी वर्षाच्या आसपास. दुसरी डुलकी रोज नाकारू लागली किंवा ती घेतली की रात्रीचे दहा वाजतात असं सलग दोन आठवडे झालं की एकच ठेवा, दुपारी साडेबाराच्या सुमारास. दुपारची झोप पूर्ण सोडायची घाई मात्र करू नका. दोन वर्षांच्या आत ती कायमची सोडणारी मुलं अगदी थोडी असतात, शंभरात दोन-तीन. अर्ध्या तासाची का असेना, ठेवा.

राहिलं पाळणाघर. बहुतेक पाळणाघरांत एक ते चार सगळी मुलं झोपवतात. त्यात ताईंचंही चुकत नाही, त्यांना तेवढाच श्वास मिळतो. पण तुमची लेक तिथे तीन तास झोपली तर त्याची किंमत तुम्ही मध्यरात्री द्याल. म्हणून नोकरी सुरू होण्याच्या आधीच जाऊन बोला, तोंडी नाही, कागदावर लिहून द्या: सकाळी दहाला झोपेल, अकराला उठवा. दुपारी तीनला झोपेल, चारला उठवा. झोपली नाही तर रडवून झोपवू नका, खेळणी देऊन जागी बसू द्या. त्यांना दोन वेळा जमत नसतील तर सकाळी वीस-पंचवीस मिनिटं आणि दुपारी एक ते अडीच असा बदल चालेल, एकूण दोन तासांच्या आत राहिलं म्हणजे झालं. संध्याकाळी रोज विचारा, किती ते किती झोपली. आणि साडेसहाला रिक्षातून घरी आणताना तिचा डोळा लागेल, तेव्हा तिच्याशी बोलत या, बाहेरचं दाखवत या. लागलाच डोळा, तर घरी पोचताच उठवा, खांद्यावर तशीच झोपवून ठेवू नका. त्या दिवशी रात्रीची वेळ अर्धा तास पुढे ढकला, म्हणजे पावणेदहा. रविवारीही उठायची वेळ साडेसहाच.